डबा घेण्याआधी टीव्हीची पाठ बघा

गेल्या महिन्यात कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून एका अक्कांचा फोन आला. "दादा, नातवानं नवीन डबा पाठवलाय, पण टीव्हीच घेईना झालाय त्याला. बघून जावा की." दहा हजार विडी कामगारांच्या घरांची ही वसाहत. तिथं माझी निम्मी गिऱ्हाइकं आहेत, आणि अक्कांचा टीव्ही माझ्या ओळखीचा. एकवीस इंची, पिक्चर ट्यूबचा, आजवर दोनदा मीच उघडून बसवलेला. लोखंडी स्टँडवर असतो, वर क्रोशाचं झाकण.

नवा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, पत्त्यांच्या दोन कॅटांएवढा. नातू पुण्यात नोकरी करतो, त्यानं ऑनलाइन मागवून थेट आजीच्या पत्त्यावर पाठवला. डब्याच्या पाठीमागं छत्रीची वायर पिळून बसवायचं एक भोक, एचडीएमआयचं एक भोक, ॲडॅप्टरचं एक आणि कानात घालायच्या वायरला असतं तसं बारीक गोल एक. अक्कांच्या टीव्हीला मागं पिवळं, लाल, पांढरं. दोघांचा मेळ कुठंच नाही. अक्का तो डबा घेऊन शहरातल्या एका दुकानात जाऊन आल्या होत्या. तिथं त्यांना सांगितलं गेलं की टीव्ही जुना झाला, आता चालणार नाही, नवा घ्या.

मी पिशवीतला तपासणीचा डीव्हीडी प्लेअर काढून टीव्हीला लावला. तीन सेकंदांत चित्र आलं, आवाज आला. टीव्हीला काहीही झालेलं नव्हतं. चाळीस वर्षं सूप मांडीवर घेऊन विड्या वळलेल्या बाईला एका वायरीपायी दहा-बारा हजारांच्या खर्चात ढकलायला लोक तयार होते. म्हणून हा लेख लिहितो आहे.

सोलापूरच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून, म्हणजे सदतीस वर्षं मी हेच काम करतो. कन्ना चौकाच्या मागं बोळात दुकान आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: जुन्या टीव्हीसाठी डबा निवडायचा तर तो टीव्हीच्या पाठीकडं आणि बघणाऱ्या माणसाकडं बघून निवडावा लागतो, आणि तसा निवडता यावा म्हणून डब्याच्या खोक्यावर मागची भोकं मराठीत, चित्रासकट छापणं कंपन्यांवर बंधनकारक झालं पाहिजे. अक्कांच्या डब्याच्या खोक्यावर बारीक इंग्रजीत पुष्कळ काही लिहिलेलं होतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना थेट बसत नाहीत, त्यासाठी वेगळी वायर लागते आणि ती खोक्यात नाही, एवढं मात्र कुठंच नव्हतं.

सोलापूरला डबा काही नवा नाही. केबलचं डिजिटलीकरण सुरू झालं तेव्हा पहिल्या टप्प्यात चार महानगरं होती. दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं घेतली, त्यांत पुणे, नागपूर, नाशिकच्या बरोबरीनं सोलापूरही होतं. मुदत ३१ मार्च २०१३. त्या उन्हाळ्यात मी दिवसाला पंधरा-पंधरा घरं फिरलो. तेव्हाचे डबे मोठे, पत्र्याच्या झाकणाचे, आणि सगळ्यांना तीन रंगांची भोकं. केबलवाला आणून देईल तो डबा, निवडीचा प्रश्नच नव्हता. आज निवड आहे, पण ती कशी करायची हे सांगणारं कुणी नाही.

तर आधी टीव्हीची पाठ. मोबाइलवर तिचा फोटो काढा आणि दुकानात तो दाखवा, मी प्रत्येकाला हेच सांगतो. तीन प्रकारचे टीव्ही भेटतात. एकदम जुने, अँटेनाचं एकच भोक असलेले. त्यांना डब्याला अँटेनाच्या भोकात जोडता येणारा आरएफ आउट लागतो किंवा मध्ये मोड्युलेटर बसवावा लागतो, आणि आजच्या छोट्या डब्यांना आरएफ आउट सापडणं कठीण. दुसरे तीन रंगांच्या भोकांचे, सोलापुरात जुना टीव्ही म्हणजे बहुतेक हेच. पिवळ्यातून चित्र जातं, पांढऱ्यातून डावा आवाज, लाल भोकातून उजवा. काहींना पिवळं आणि पांढरं दोनच असतात, तरी काम चालतं. तिसरे सुरुवातीचे एलसीडी, ज्यांना एचडीएमआयही असतो आणि ही भोकंही. त्यांची चिंता नाही.

आता त्या बारीक गोल भोकाविषयी सविस्तर लिहितो, कारण सगळी फसगत तिथंच होते. डबा छोटा करायचा तर मागं तीन मोठी भोकं मावत नाहीत. मग कंपनी तिन्हींचं काम एका बारीक भोकात कोंबते. त्यात बसणाऱ्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग: चित्र, डावा आवाज, उजवा आवाज आणि ग्राउंड. दुसऱ्या टोकाला त्याच जुन्या तीन रंगीत पिना. दिसायला या वायरी सगळ्या सारख्या, पण चार भागांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. कुणी ग्राउंड तिसऱ्या भागावर देतं, कुणी चौथ्यावर. एका डब्याची वायर दुसऱ्याला लावली की पडदा काळा आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज. माणूस घाबरतो, दुकानदार म्हणतो टीव्ही गेला.

अशा वेळी टीव्हीच्या बाजूच्या पिना आधी आलटूनपालटून बघाव्यात. पिवळ्याच्या जागी लाल, मग पिवळ्याच्या जागी पांढरी. त्यानं टीव्हीचं काही बिघडत नाही. नुसती चित्र-आवाजाची अदलाबदल असेल तर चित्र येतं. तिन्ही लावून बघितल्या आणि घूं तसाच राहिला तर ग्राउंडचा क्रम वेगळा आहे, वायरच बदलावी लागते. म्हणून डबा घेताना खोक्यात त्याची स्वतःची वायर आहे का, हे दुकानातच उघडून बघा. वायर नसलेला डबा जुन्या टीव्हीसाठी घेऊ नका.

काही जण एचडीएमआयवरून तीन पिना काढणारा कन्व्हर्टर लावतात. तो चालतो, पण त्याला वेगळी पाच व्होल्टची वीज लागते आणि त्याच्या बुडाला एक चिमुकलं बटण असतं, एका बाजूला पाल, दुसऱ्या बाजूला एनटीएससी. आपले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, ६२५ ओळींचे. बटण भलतीकडं असलं तर चित्र काळंपांढरं होतं किंवा वरखाली पळत सुटतं. हेच खुद्द डब्याच्या मेनूतही एकदा तपासायचं असतं. तिथंच पडद्याचा आकार १६:९ ऐवजी ४:३ करायचा. तो केला नाही तर बातम्या सांगणारी बाई उंच आणि काडीसारखी दिसते, आणि म्हातारी माणसं महिनोन्‌महिने तसंच बघत राहतात, कुणाला विचारत नाहीत.

"एचडी डबा जुन्या टीव्हीला चालतो का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पिवळं भोक किंवा वर सांगितलेली वायर असेल तर चालतो. डबा एचडी चित्र घेतो आणि जुन्या टीव्हीला झेपेल एवढं बारीक करून देतो. फायदा फक्त एवढाच की पुढं टीव्ही बदलला तर डबा तोच राहील.

छोट्या डब्याचं आकर्षण मला कळतं. मंगळवार पेठेतल्या किंवा साखर पेठेतल्या एका खोलीच्या घरात वीतभर जागाही मोलाची. पण छोटेपणाच्या काही अडचणी घरी आल्यावरच दिसतात. छत्रीची वायर जाड आणि ताठ असते, छोटा डबा वजनानं एवढा हलका की ती वायर त्याला ओढून खाली पाडते. मी डबा स्टँडला दुहेरी टेपनं चिकटवतो किंवा वायरीला आधी खिळ्याचा वेढा देतो. बऱ्याच छोट्या डब्यांना पुढं आकडा दाखवणारी पट्टी नसते आणि बटणंही नसतात. रिमोट पडून फुटला की डबा मुका. जिथं घरात फक्त म्हातारं माणूस आहे तिथं मी बटणंवाला डबाच सुचवतो, थोडा मोठा असला तरी. टीव्हीच्या मागं टांगायचा असेल तर रिमोटचा डोळा वायरीनं पुढं आणता येतो का ते बघावं लागतं.

आणि उष्णता. सोलापूरचा एप्रिल-मे सांगायला नको, पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते तिथं राहणाऱ्यालाच माहीत. पिक्चर ट्यूबचा टीव्ही स्वतः तापतो, त्याच्या वरच्या भोकांतून गरम हवा निघते, आणि आपण डबा नेमका तिथंच ठेवतो, वरून क्रोशाचं झाकण. चित्र अडकतं, चौकोन पडतात, डबा आपोआप बंद होतो. जून लागला की तक्रारी थांबतात. डबा बाजूला, भिंतीच्या कडेला, उघडा ठेवा, आणि टीव्हीवरच्या त्या भोकांवर झाकण नको. ॲडॅप्टर सोबत आलेलाच वापरा. डब्याच्या बुडाला आणि ॲडॅप्टरवरही भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षरापुढं आठ आकडी नंबर असतो. तो नसेल तर डबा कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

आता बघणाऱ्या माणसाविषयी. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि दुकानात दोन्ही. अक्कलकोट रोडच्या बाजूला कानडीही तितकीच. डबा निवडताना हे कुणी विचारात घेत नाही. मुलगा स्वतःच्या आवडीचं पॅकेज मारून देतो आणि आई दिवसभर न कळणाऱ्या भाषेतल्या मालिका बघते. दूरदर्शनच्या फ्री डिशवर सह्याद्री आहे, कानडीचं चंदना आहे, तेलुगूची यादगिरी आणि सप्तगिरी आहेत. महिन्याचं भाडं शून्य, छत्री आणि डबा मिळून एकदाच दोनेक हजारांचा खर्च. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं ही सेवा सुरू झाली, तेव्हापासून मी ती लावतो आहे, आणि माझ्या मते सोलापूरच्या कष्टकरी घरांना सरकारकडून मिळालेली ही फार चांगली गोष्ट आहे. खासगी वाहिन्या तिथं लिलावातून जागा घेतात, त्यामुळं एखादी आवडती वाहिनी वर्षभरानं गायब होते, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. ठरावीक खासगी मराठी मालिकेवाचून ज्यांचं अडतं त्यांनी केबल किंवा डीटीएच घ्यावं.

फ्री डिशसाठी डबा घेताना एमपेग-४ चाच घ्या. जुन्या एमपेग-२ डब्याला फक्त जुन्या पद्धतीच्या वाहिन्या दिसतात, एमपेग-४ ला दोन्ही. उपग्रह जीसॅट-१५ आहे, ९३.५ अंश पूर्वेला. सोलापुरातून तो बरोबर आग्नेयेला आणि आकाशात साठ अंशांहून थोडा वर येतो. एवढा उंच असल्यामुळं समोरच्या दुमजली घराचा त्रास सहसा होत नाही, अगदी खेटून वाढलेल्या कडुनिंबाचा मात्र होतो. पत्र्याला छत्री बसवू नका, वळवाच्या वादळात पत्रा थरथरतो आणि छत्री हलते. भिंतीला किंवा स्लॅबला बसवा. जोराच्या पावसात पाच-दहा मिनिटं चित्र जाणं हा डब्याचा दोष नव्हे, त्यासाठी मेकॅनिकला पैसे देऊ नका.

एक सावधगिरीची गोष्ट. बोटाएवढी अँटेना किंवा काडी टीव्हीला लावा आणि फुकट वाहिन्या बघा, अशा जाहिराती फिरतात. छत्रीविना, जमिनीवरच्या टॉवरवरून डिजिटल चित्र पकडणारा तो डबा असतो. परदेशात तो घरोघरी चालतो. आपल्याकडं दूरदर्शननं २०१६ मध्ये तशी सेवा १६ शहरांत सुरू केली, महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद. सोलापूर त्यांत नव्हतं. आणि जुन्या अँटेनावर दिसणारं दूरदर्शनही संपलं. प्रसार भारतीनं जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद करायचं जाहीर केलं आणि ३१ मार्च २०२२ ची मुदत ठरवली, सीमेसारख्या मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास तेवढे वगळले. त्यामुळं सोलापुरात अशी काडी घेऊन पडद्यावर मुंग्यांशिवाय काही दिसणार नाही. मागच्या वर्षी माझ्याकडं तिघे जण ती घेऊन आले, तिघांचेही पैसे गेले होते.

केबल आणि डीटीएचच्या डब्याबाबत माझी तक्रार जुनी आहे. माझ्या दुकानाच्या माळ्यावर चाळीसेक डबे पडून आहेत, बहुतेक चालू स्थितीतले. केबलवाला बदलला, डीटीएच बदललं की आधीचा डबा निकामी, कारण तो एकाच कंपनीच्या कुलपाचा असतो. गिऱ्हाइकानं पैसे मोजलेले असतात, वस्तू त्याच्या घरात असते, आणि तरी ती दुसरीकडं चालत नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे, आणि फोन तर कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालतो. एका कंपनीकडून दुसरीकडं जाताना ग्राहकाला तोच डबा वापरता यावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये सरकारला केली. माझ्या माळ्यावरचे डबे त्यानंतरही वाढतच गेले. ज्यांच्या घरात विड्यांच्या मजुरीवर चूल पेटते त्यांना दर वेळी नवा डबा घ्यायला लावणं अन्याय आहे, आणि हे सरकारनं थांबवलं पाहिजे. छत्रीचा ट्यूनर आत असलेल्या नव्या टीव्हींसाठी मानक ब्युरोनं २०२२ मध्ये मानक केलं, ते चांगलंच झालं. पण ते नवा टीव्ही घेणाऱ्यासाठी. जुना टीव्ही वापरणाऱ्यासाठी डब्यावर एक चित्र आणि चार मराठी ओळी एवढंच मागणं आहे.

"पण नवा टीव्हीच का घेऊ नये?" माझा स्वतःचा मुलगा हे विचारतो, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पिक्चर ट्यूबचा एकवीस इंची टीव्ही साधारण ऐंशी वॅट खातो, बत्तीस इंची एलईडी त्याच्या निम्मं. रोज पाच तास धरले तर महिन्याला सहाएक युनिटांचा फरक. ज्याची ट्यूब मंदावली आहे, चित्र काळवंडलं आहे, त्यानं दुरुस्तीत पैसे घालू नयेत, हे मीच सांगतो. पण ज्याची ट्यूब ठणठणीत आहे तो टीव्ही फेकून देण्यासारखं त्यात काही नाही. तो भंगारात गेला तर काचेतल्या शिशासकट जातो. ई-कचऱ्याचे नियम आहेत, तरी हातोड्यानं ट्यूब फोडून तांबं काढणारी पोरं मी पाहिली आहेत. शिवाय म्हाताऱ्या माणसाला सवयीची वस्तू लागते. अक्कांना त्यांच्या टीव्हीचं आवाजाचं बटण अंधारात सापडतं.

आता अक्कांच्या घरचं राहिलंच. माझ्या पिशवीत चार प्रकारच्या वायरी असतात. पहिली लावली, घूं झालं. तिन्ही पिना फिरवून बघितल्या, घूं तसाच. म्हणजे ग्राउंड वेगळं. दुसरी लावली, तर घूं गेला, पण पडदा काळाच. मग लाल पिन काढून पिवळ्या भोकात घातली आणि पिवळी लाल भोकात. चित्र आलं. मेनूत ४:३ केलं, यादगिरी पहिल्या नंबरवर आणि सह्याद्री दुसऱ्यावर आणून ठेवली, डबा स्टँडच्या दांडीला टेपनं चिकटवला आणि क्रोशाचं झाकण अक्कांच्या संमतीनं घडी करून कपाटात ठेवलं. रिमोटवरची पाच बटणं सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली.

दिवाळीत नातू येईल, लाल पिन पिवळ्या भोकात बघेल आणि चुकलंय समजून नीट करायला जाईल, ही अक्कांची काळजी. म्हणून टीव्हीच्या पाठीवर कागद चिकटवला आणि मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: लाल पिन पिवळ्या भोकात, पिवळी पिन लाल भोकात, हात लावू नये. अक्कांनी शेजारच्या मुलीला हाक मारली आणि त्याच्याखाली तेच तेलुगूत लिहून घेतलं.